रिची बेनोंच्या आवाजात सोलापूरचा षटकार

भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला तेव्हा पडद्यावर लखनौचा संघ फलंदाजी करत होता आणि खाली पट्टीवर नाव होतं ए. कुलकर्णी. आपला अर्शिन, सोलापूरचा. त्याने पुढे सरसावून चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला आणि त्याचं कौतुक करायला कॉमेंट्रीला होते ऑस्ट्रेलियाचे जुने कर्णधार रिची बेनो! बेनो एप्रिल २०१५ मध्ये गेले, तेव्हा अर्शिन जेमतेम दहा वर्षांचा. आणि हा गेम, म्हणजे ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७', दुकानात आला नोव्हेंबर २००६ मध्ये. तेव्हा हा गडी अजून दोन वर्षांचाही झाला नव्हता.

ही करामत कंपनीची नाही. 'क्रिकेट ०७' नंतर ईएने कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा गेम पुन्हा काढलाच नाही. भारतीय खेळाडूंचे हक्क तिच्याकडे नव्हते, त्यामुळे मूळ गेममध्ये आपली मंडळी तोडक्यामोडक्या नावांनी खेळायची. आयपीएलचा तर पत्ताच नव्हता, ती सुरू झाली एप्रिल २००८ मध्ये. पुढे भारताच्या जर्सीवरचं सहारा गेलं, स्टार आलं, मग ओप्पो, बायजूज, ड्रीम ११. गेमच्या सीडीला यातलं काही ठाऊक नाही. ते सगळं भरलं हौशी पोरांनी, स्वतः बनवलेल्या टूल्सच्या जोरावर. अशा भरणीला ही पोरं 'पॅच' म्हणतात, जगभरचे गेमर 'मॉड'.

मॉड म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. चादरीचा जेकार्ड माग आठवा. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते आणि एकेक पट्टी ठरवते की त्या आडव्या धाग्याला कुठले उभे धागे उचलायचे. मोराच्या जागी कमळ हवं असेल तर माग कुणी मोडत नाही, माळ बदलतात. गेमचंही तसंच. चेंडू कसा उसळतो, बॅट कशी फिरते हा माग. जर्सीचा रंग, खेळाडूचं नाव, बॅटवरचं स्टिकर, स्टेडियममधल्या जाहिराती या पट्ट्या.

फरक इतकाच की मागावरची माळ डोळ्यांना दिसते. गेमच्या पट्ट्या बंद गाठोड्यात असतात. ईएच्या जुन्या गेममध्ये ढीगभर फाइली 'बिग' नावाच्या एका मोठ्या फाइलीत बांधलेल्या असत आणि चित्रं 'एफएसएच' नावाच्या ईएच्या स्वतःच्या प्रकारात. साध्या पेंटमध्ये ती उघडत नाहीत. गाठोडं सोडायचं, चित्र बदलायचं, पुन्हा तस्संच बांधायचं, यासाठी टूल लागतं. यातलं एक जुनं टूल 'एफएसएचटूल'. ते १९९८ च्या सुमारास 'नीड फॉर स्पीड' या गाड्यांच्या गेमसाठी लिहिलं डेनिस ओरू या फ्रेंच तरुणाने. हे ओरू आज हार्वर्डला गणित शिकवतात. गेम खेळून कुणाचं भलं झालंय का, असं विचारणाऱ्या आईवडिलांनी या नावाची नोंद घ्यावी.

टूल नसताना काय होतं, ते मी भोगलंय. सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत मी नवी निळी जर्सी चढवायला बसलो. पेन ड्राइव्हवरच्या फाइली गेमच्या फोल्डरात ओतल्या, 'आधीच्या फाइली पुसू का' असं कॉम्प्युटरने विचारलं आणि मी रुबाबात सगळ्याला 'हो' म्हटलं. गेम लोडिंगच्या पट्टीवर अडकला तो अडकलाच. मूळ फाइली कुठेच नव्हत्या. मालक म्हणाला, ''आता तूच भर बे पुन्हा सगळं.'' त्या दिवसाचे सगळे पैसे गेम परत टाकण्यात गेले.

चांगलं मॉड-टूल नेमकी ही चूक होऊ देत नाही. कुठली फाइल कुठे जाते ते त्याला माहीत असतं. बदलण्याआधी ते मूळ फाइल बाजूला ठेवतं आणि नको झालं की परत आणून बसवतं. 'मॉड ऑर्गनायझर'सारखी टूल्स तर गेमच्या फोल्डराला हातच लावत नाहीत. मॉड वेगळ्या फोल्डरात ठेवतात आणि गेम सुरू होताना दोन्ही एकावर एक ठेवून दाखवतात. गेमला वाटतं, फाइल इथेच आहे. एकाच जागेसाठी दोन मॉड भांडले तर कुणाचं चालणार, तो क्रमही टूलमध्येच ठरतो. इथे पुन्हा जेकार्ड: एक पट्टी मागेपुढे शिवली की फूल फाटलंच.

''मामा, थांब की, हे बघ,'' म्हणत भाच्याने रोस्टर एडिटर उघडला. रोस्टर म्हणजे खेळाडूंची वही. एका ओळीत नाव, डावरा की उजवा, ताकदीचे आकडे. अर्शिनची ताकद त्याने जवळपास शंभर ठेवली होती. मी भुवया उंचावल्या, तर म्हणतो, महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ काढले होते, १३ षटकार, विसरलास? २०२३ ची ती खेळी मी विसरलो नव्हतो. पण गोलंदाजीही शंभर? त्यावर तो नुसता हसला.

वहीत नवीन ओळ मात्र सहसा वाढत नाही, आहे ती खोडून लिहावी लागते. आणि काही जागा मुळातच नाहीत. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेने २०२२ मध्ये नागालँडकडून टी-२० सामन्यात नाबाद १६२ केल्या. या गेममध्ये ती पुरुषाच्याच देहात उभी राहील, कारण महिला क्रिकेट त्यात नाहीच. कॉमेंट्रीतही नव्या नावांचा उच्चार येत नाही. बेनो 'कुलकर्णी' कधीच म्हणणार नाहीत. त्यांना सोलापूर अगदीच परकं नव्हतं म्हणा. १९५९ च्या कानपूर कसोटीत त्यांच्या ऑस्ट्रेलियाला भारताने पहिल्यांदा हरवलं, तेव्हा दुसऱ्या डावात जसू पटेलांच्या पाच बळींमागोमाग चार बळी घेणारे पॉली उम्रीगर जन्माने सोलापूरचेच.

या हौशी कारभाराला एक काळी बाजू आहेच. 'हे चालवायचं तर अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणारा पॅच बहुतेक वेळा सरळ नसतो. तसला पॅच न टाकलेला बरा. बाकी, घरातलं पोर सुट्टीत जर्सी बदलायला बसलंच, तर त्याला ओरडू नका. फक्त आधी मूळ फोल्डरची एक प्रत वेगळी काढून ठेवायला सांगा. आणि त्या प्रतीला नीट नाव द्यायला सांगा, 'न्यू फोल्डर (२)' नको.