जहाजाची परीक्षा

बोर्ली पंचतनहून जवळच असलेल्या दिवेआगरच्या पुळणीवर उभें राहिलें म्हणजे क्षितिजावरून जाणारें एखादें मालवाहू जहाज कधीं कधीं दृष्टीस पडतें. कोंकण किनाऱ्यावरील कित्येक घरांतील कर्ते पुरुष अशाच जहाजांवर चाकरी करतात. एवढें प्रचंड पोलादी धूड वाकत असेल, अशी शंकाही आपणांस येत नाहीं. परंतु तें प्रत्येक लाटेगणिक वाकतें. तें किती वाकतें हें कसें मोजतात, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जहाज कां वाकतें तें पाहूं. दोन पुस्तकांवर टोकें टेकवून एक लांकडी पट्टी ठेवावी व ती मध्यें बोटानें दाबावी. पट्टीची खालची बाजू ताणली जाते व वरची चेपली जाते. जहाजाच्या नाळेखालीं व पिछाडीखालीं एकेक लाट आली म्हणजे हीच स्थिति होते. उलट, लाटेचा माथा मध्यभागीं आला कीं दोन्ही टोकें झुकतात. तेव्हां वरचा डेक ताणला जातो व तळ चेपला जातो.

हा हिशेब कागदावर मांडतां येतो. पण तो खरा कशावरून? १९०१ सालीं 'कोब्रा' ही ब्रिटिश विनाशिका समुद्रांत दुभंगून बुडाली. तेव्हां १९०३ सालीं 'वुल्फ' या विनाशिकेस कोरड्या गोदींत एकदां केवळ मध्यभागीं व एकदां केवळ टोकांकडे आधार देऊन, गोदींतील पाणी हळूहळू उतरवून तिच्या पत्र्यांवरील ताण मोजण्यांत आला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत वेल्डिंग करून घाईनें बांधलेल्या अनेक जहाजांस तडे गेले. जानेवारी १९४३ मध्यें 'शेनेक्टडी' हें तेलवाहू जहाज अमेरिकेंत पोर्टलंड येथें शांत पाण्यांत, धक्क्याजवळ उभें असतांनाच दुभंगलें. त्यानंतर प्रत्यक्ष मालवाहू जहाजांवर प्रयोग झाले. 'ओशन व्हल्कन' जहाजावर तर उपकरणें बसवून भर समुद्रांत मोजमापें घेण्यांत आलीं.

बंदरांतील प्रयोगांत जहाजाच्या निरनिराळ्या टाक्यांत क्रमाक्रमानें पाणी भरून त्यास मुद्दाम वांकवितात. डेकवर व तळाच्या पत्र्यांवर अतिबारीक तारेच्या पट्ट्या चिकटविलेल्या असतात. पत्रा ताणला कीं तारही लांब व बारीक होते आणि तिचा विद्युत्‌रोध वाढतो. हा फरक फार सूक्ष्म असतो. एक मीटर पोलादावर दर चौरस मिलिमीटरला दहा किलोग्रॅम भार पडला, तरी तें सुमारें अर्धा मिलिमीटरच वाढतें. शिवाय उन्हानेंही डेक प्रसरण पावतो. म्हणून भाराचा परिणाम व उष्णतेचा परिणाम वेगळे काढावे लागतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. १७ जून २०१३ रोजीं आपल्याच अरबी समुद्रांत 'एमओएल कम्फर्ट' हें अवघ्या पांच वर्षांचें, ३१६ मीटर लांबीचें जहाज मध्यभागीं मोडलें व पुढें त्याचे दोन्ही भाग बुडाले. त्यावरील सव्वीसही खलाशी सुदैवानें वांचले. त्याच जातीच्या अन्य जहाजांची तपासणी केली, तों कांहींच्या तळाचे पत्रे किंचित् फुगलेले आढळले व तीं जहाजें बळकट करण्यांत आलीं.

आतां कित्येक मोठ्या जहाजांवर अशीं मापकें कायमचीं बसविलेलीं असतात व ताण वाढूं लागतांच कप्तानास सूचना मिळते. मग तो वेग कमी करतो किंवा दिशा बदलतो. ज्यांचीं माणसें दर्यावर आहेत, त्या पालकांस या अर्ध्या मिलिमीटरचें मोल निराळें सांगावयास नको.