पारा, लस आणि स्वमग्न मूल

नाशिकच्या जुन्या वस्तीतील एखाद्या वाड्यात मुलाचा ताप पाहताना काचेचा थर्मामीटर हातातून निसटतो आणि फरशीवर चांदीच्या मण्यांसारखे थेंब धावू लागतात. मुलांना त्यांचे कोण कौतुक! चिमटीत धरू जावे तो मणी दुभंगतो, दोन मणी जवळ आणावेत तर एक होतात. आजी मात्र ओरडते, ‘हात लावू नका रे, विष आहे ते!’ आजीचे म्हणणे खरे असते. त्याच घरातील सून पुढच्या आठवड्यात दीड वर्षाच्या बाळाला लस टोचण्यास नेताना उंबरठ्याशीच थबकते. कारण लसीत पारा असतो आणि त्यामुळे मुले स्वमग्न होतात, असे तिने कोणाकडून तरी ऐकलेले असते. भीती दोघींचीही पाऱ्याचीच. पण एकीची रास्त आहे, तर दुसरीची परीक्षेस उतरलेली नाही. हा भेद नीट ध्यानात न आल्यास घरात विष तसेच राहते आणि बाळाचे संरक्षण मात्र जाते.

स्वमग्नता म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९४३ साली लिओ कॅनर या अमेरिकेतील बालमनोवैद्याने अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत, ठरलेल्या क्रमात थोडाही बदल झाल्यास अस्वस्थ होत आणि बोलत असली तरी संवादासाठी भाषेचा उपयोग क्वचितच करीत. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर याने अशाच स्वरूपाच्या मुलांविषयी लिहिले. स्वमग्नता हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे. ती मेंदूच्या घडणीतील भिन्नता आहे. तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असून तिची सुरुवात बहुधा जन्मापूर्वीच होते, असे आजचे शास्त्र सांगते. दुर्दैवाने मध्यंतरी काही दशके आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, असा क्रूर सिद्धान्त पाश्चात्त्य देशांत रूढ होता. तो खोटा ठरला. परंतु दोषाचे बोट आईकडे वळविण्याची खोड समाजाची अद्याप गेलेली नाही. ‘लस टोचून घेतलीस म्हणून असे झाले’ हा त्याच आरोपाचा नवा अवतार होय.

आता पाऱ्याकडे वळू. पारा बालकांना अपाय करतो, याविषयी वैद्यकात दुमत नाही, आणि त्याची साक्ष इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे लहान मुलांना एक विचित्र व्याधी होई. हातापायांचे तळवे गुलाबी होऊन सोलत, मूल चिडचिडे होई, उजेड त्यास सोसवत नसे, भूक मरे. तिला ‘गुलाबी रोग’ असे नाव पडले. पुष्कळ दिवस कारण उमगले नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतील जोसेफ वॉर्कनी याने अशा मुलांच्या लघवीत पारा दाखवून दिला. तो आला होता दात येताना हिरड्यांना लावावयाच्या चूर्णांतून. त्यांत कॅलोमेल नावाचा पाऱ्याचा क्षार असे. पुढे ही चूर्णे बाजारातून गेली आणि रोगही जवळजवळ नाहीसा झाला.

दुसरी साक्ष जपानची. मिनामाता येथील रासायनिक कारखान्याचे सांडपाणी उपसागरात जाई. त्यातील मेथिल पारा माशांत व माशांतून माणसांत उतरला. १९५६ साली या व्याधीची अधिकृत नोंद झाली. कित्येक माता वरकरणी ठीक दिसत, पण त्यांच्या पोटी आलेल्या बालकांच्या मेंदूस गंभीर इजा झालेली असे. पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय कराराला याच गावाचे नाव दिले आहे. भारताने तो २०१८ साली मान्य केला. सुनेच्या मनातील भीती अगदीच निराधार जागेतून उगवलेली नाही, ती अशी.

मग असा हा पारा लसीत घालण्याचे कारण काय? त्याचे उत्तर मुंबईच्या परळ भागातूनच सुरू होते. वाल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून प्लेगची लस देशभर जात असे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनवर आला. बाटली उघडताना हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि जंतू तेथेच शिरले असावेत, हे पुढे दिसून आले व १९०७ साली त्यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२८ साली ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस टोचल्यावर बारा मुले मृत्यू पावली. त्या बाटलीत जंतुनाशक द्रव्य नव्हते. पुन्हापुन्हा सुई घालताना तीत जंतू शिरून वाढले होते. अनेक मुलांना पुरणाऱ्या कुपीत असा अनर्थ होऊ नये म्हणून थायोमर्सल हे पाऱ्याचे संयुग अत्यल्प प्रमाणात घालण्याची पद्धत रूढ झाली. मुले वाचविण्यासाठीच ते लसीत आले.

थायोमर्सलातून शरीरात निघतो तो एथिल पारा. मिनामाताचा तो मेथिल. नावांत एका अक्षराचा फरक, पण गुणांत बराच. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती मेथिल अल्कोहोलने. नेहमीच्या दारूत असते ते एथिल अल्कोहोल. दारू चांगली, असा याचा अर्थ नव्हे. नावे जवळची असली तरी शरीरातील वागणूक वेगळी असते, एवढेच यावरून घ्यावयाचे. मेथिल पारा रक्तातून अर्धा उतरण्यास दीड महिन्याच्या आसपास काळ लागतो. एथिल पाऱ्यास सुमारे आठवडा किंवा त्याहूनही कमी. शिवाय लसीच्या एका मात्रेतील पारा ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. तो साधारणतः पंचविसांच्या वर जात नाही. गोवर-रुबेलाच्या लसीत तर थायोमर्सल मुळीच नसते.

तरीही शंका घेणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. १९९९ साली अमेरिकेतील आरोग्याधिकाऱ्यांनी व बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने केवळ खबरदारी म्हणून बालकांच्या लसींतून थायोमर्सल काढण्यास सांगितले. त्यापूर्वी १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड या इंग्रज डॉक्टराने गोवर, गालगुंड व रुबेलाच्या संयुक्त लसीवर संशय घेणारा निबंध लिहिला होता. त्यातील अप्रामाणिकपणा उघड होऊन २०१० साली तो मागे घेण्यात आला आणि डॉक्टराची वैद्यकीची सनदही गेली. परंतु पालकांच्या मनात संशय रुजला तो रुजलाच.

अशा संशयाची परीक्षा कशी करावी, हे आपल्या तर्कशास्त्राने पूर्वीच सांगितले आहे. जेथे कारण तेथे कार्य, हा अन्वय. जेथे कारण नाही तेथे कार्यही नाही, हा व्यतिरेक. गुलाबी रोगाच्या बाबतीत दोन्ही जुळले: चूर्ण होते तेथे रोग होता, चूर्ण गेले आणि रोग गेला. स्वमग्नतेचे काय झाले? डेन्मार्कने १९९२ साली बालकांच्या लसींतून थायोमर्सल काढले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांतही स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच राहिल्या. अमेरिकेत २००१पर्यंत ते बालकांच्या बहुतेक लसींतून गेले. तेथेही नोंदी घटल्या नाहीत. व्याख्या व्यापक झाली आणि डॉक्टर व शिक्षक अधिक सावध झाले, हे या वाढीचे एक मोठे कारण मानतात. संयुक्त लसीविषयीही डेन्मार्कमध्येच साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी होऊन २०१९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचा धोका वाढलेला आढळला नाही. व्यतिरेक जुळला नाही. म्हणून कारणही सिद्ध झाले नाही.

मग इतक्या मातांना दोहोंचा संबंध का दिसतो? आपल्याकडे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा व त्रिगुणी लसीची पुरवणी मात्रा देतात. मूल हाकेला वळत नाही, बोटाने दाखवीत नाही, येत असलेले शब्दही हरवले, हे आईच्या ध्यानात येते तेही बहुधा याच वयात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. आईने पाहिलेले खोटे नसते. कावळाही खरा आणि फांदीही खरी. खोटा असतो तो दोहोंमध्ये जोडलेला धागा.

हा धागा तुटला नाही तर त्याची किंमत मुलांनाच मोजावी लागते. २०२२ साली मुंबई, भिवंडी आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराची साथ पसरली. आजारी मुलांत लस अजिबात न घेतलेली वा अपुरी घेतलेली पुष्कळ होती, आणि मुंबईत काही बालके दगावलीही. उलट बाजूने, शरीरातील पारा काढण्याच्या नावाखाली स्वमग्न मुलांना धातू ओढून काढणारी औषधे देण्याचा प्रघात काही ठिकाणी पडला. २००५ साली अमेरिकेत अशा उपचारात एका पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. जे विष त्याला बाधलेच नव्हते, त्याचा उतारा मात्र बाधला.

आजीची भीती मात्र गृहिणींनी अवश्य बाळगावी. काचेच्या थर्मामीटरात अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो फुटल्यास मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे, खिडक्या उघडाव्यात, केरसुणी फिरवू नये. तिने थेंब बारीक होऊन पसरतात. हातातील सोन्याच्या बांगड्या व अंगठ्या आधी काढून ठेवाव्यात, कारण पारा सोन्यास तत्काळ धरतो. थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरावेत. मोरीत सोडू नयेत. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासाबरोबर आत जाते. याहून बरे म्हणजे घरात पारा नसलेला थर्मामीटरच वापरावा. ट्यूबलाइट मुलांच्या हातून फुटू देऊ नये. पारा घातलेली रसौषधे तान्ह्या बाळास कोणाच्या सांगण्यावरून, नाव-पत्ता नसलेल्या पुडीतून कदापि देऊ नयेत. गरोदर स्त्रियांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळून मांदेली-तारलीसारखे लहान मासे खावेत; मोठ्या माशांत मेथिल पारा साठत जातो.

आणि स्वमग्न मुलाचे काय? बारा महिन्यांच्या मुलाने हाकेला मान वळवली नाही, दीड वर्षाच्याने बोटाने काही दाखविले नाही, शिकलेले शब्द हरवले, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणून वाट पाहू नये, बालरोगतज्ज्ञास दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख असल्यामुळे शिक्षण व सवलती हा आता या मुलांचा अधिकार आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

नाशिककरांना तर यासाठी दूरचे उदाहरण शोधावयास नको. ज्या काळी बुद्धीने मागे राहिलेले मूल घराच्या आतल्या खोलीत ठेवण्याची रीत होती, त्या काळी, १९७७ साली, रजनीताई लिमये यांनी या शहरात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता या दोन गोष्टी एक नव्हेत. पण वेगळ्या मुलाला दाराबाहेर, उजेडात, इतर मुलांच्या बरोबरीने आणण्याचा धडा दोहोंसाठी एकच आहे. मूल असे का झाले, या प्रश्नात झुरत बसलेल्या आईला दोषमुक्त करणे आणि ते पुढे काय शिकेल, या प्रश्नाकडे तिचे लक्ष वळविणे, हे घरातील वडील मंडळींचे पहिले कर्तव्य होय. उंबरठ्याशी थबकलेल्या सुनेबरोबर त्या दिवशी आजीनेच लसीकरण केंद्रापर्यंत जावे, आणि परतल्यावर दोघींनी मिळून फरशीच्या सांदीकोपऱ्यात राहून गेलेला एखादा मणी शोधावा.