‘सरडा’ म्हणजे नेमका कोणता प्राणी?

बोलींच्या शब्दसंग्रहासाठी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘सरडा’ हा शब्द हटकून येतो आणि त्यापुढे ‘रंग बदलणारा प्राणी’ एवढाच अर्थ लिहिलेला असतो. प्रस्तुत लेखकानेही पूर्वी साताऱ्याकडे आणि दोडामार्गाकडे अशाच दोन नोंदी करून ‘अर्थभेद नाही’ असा शेरा मारला होता. तो सर्वस्वी चूक होता. शब्द एक असला तरी माहिती देणाऱ्यांनी बोट दाखविलेले प्राणी निराळे होते. अर्थाची नोंद करावयाची तर आधी प्राणी ओळखता आला पाहिजे, आणि ती ओळख रंगावरून होत नाही.

मोठे गट वेगळे करणे सोपे आहे. पालीला हलणारी पापणी नसते. डोळ्यावरील पारदर्शक आवरण ती जिभेने पुसते. (यूब्लेफारिस या प्रजातीच्या पालींना मात्र पापण्या असतात, नियमाला एवढा अपवाद ठेवावा.) ‘पाल चुकचुकली’ असे आपण म्हणतो, सरडा चुकचुकल्याचे कोणी म्हणत नाही, येथे भाषेचे निरीक्षण अचूक आहे. सापसुरळीचे खवले चकचकीत व कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात, पाय आखूड असतात. नावातील ‘सापा’ने तिचा घात केला आहे, विषारी समजून लोक तिला ठेचतात, वस्तुतः तिला विष नाही. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली असते.

खरी गुंतागुंत आहे ती सरड्यांत. बागेतील नेहमीचा सरडा म्हणजे कॅलोटेस व्हर्सिकलर. दोदँ याने १८०२ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या कानामागील भागी वरच्या अंगाला काट्यांचे दोन सुटे झुबके असतात, पाठीवर काटेरी तुरा असतो आणि कुशीवरील खवल्यांची टोके मागे व वर वळलेली असतात. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लाल होतो. इंग्रजीत त्यास ‘रक्तशोषक’ हे नाव पडले ते त्यामुळेच. घोयरा, म्हणजे शॅमेलिऑन, हा अगदीच निराळा. त्याची बोटे दोन आणि तीन अशा जुडग्यांत जोडलेली असतात, डोळे स्वतंत्रपणे फिरतात, आणि कानाचे छिद्र बाहेरून दिसत नाही.

साताऱ्याच्या गृहस्थांनी दाखविलेला प्राणी यांपैकी कोणताच नव्हता. पठारावर दगडावर बसून गळ्याखालचा निळा, काळा व नारिंगी पंखा उघडणारा तो नर होता. हा पंखा विणीच्या दिवसांतच खुलतो. एरवी मागच्या पायाची बोटे मोजावीत. इतर सरड्यांना तेथे पाच असतात, याला चार. २०१६ मध्ये या गटातील तीन जातींसाठी नवी प्रजाती स्थापण्यात आली आणि तिला ‘सरडा’ हे मराठी नावच देण्यात आले. त्यांपैकी सरडा सुपर्बा ही चाळकेवाडीच्या पठारावरील. म्हणजे प्राणिशास्त्रात ‘सरडा’ आता मूठभर जातींचा, आणि बोलीत मात्र सगळ्यांचा! कोशकाराने ही दुहेरी व्याप्ती नोंदविल्यावाचून गत्यंतर नाही.

दोडामार्गाच्या वृद्ध बागाईतदारांनी दाखविला तो पोफळीच्या खोडावरचा ड्रॅको, उडता सरडा. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या पडद्याने तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. पडदा मिटला की सालीचा तुकडाच वाटतो.

केवळ शास्त्रीय नाव लिहूनही भागत नाही. कॅलोटेस व्हर्सिकलर या एकाच नावाखाली अनेक जाती गणल्या जात होत्या, असे २०२१ च्या संशोधनात दिसून आले. नावे बदलतात, मोजलेली बोटे बदलत नाहीत. म्हणून वहीत शब्दाशेजारी गाव, महिना, जागा (खोड, खडक, भिंत), पापणी, कान आणि मागच्या पायाची बोटे हे तपशील लिहावेत. प्राणी पकडू नये, छायाचित्र घ्यावे. घोरपडीला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कडक संरक्षण आहे. माहिती देणाऱ्याला ‘याला काय म्हणतात?’ एवढेच विचारू नये. ‘आणखी कशाला सरडा म्हणता?’ हेही विचारावे.