गोकर्णातली गोल माळ

मैत्रिणींनो, साखरेच्या आजारावर गोळी मिळते, मग इन्सुलिन सुईनेच का टोचायचं, असं बऱ्याच जणी विचारतात. इन्सुलिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. डाळीतलं प्रथिन पोटात गेलं की पाचक रस त्याचा मणी न् मणी सुटा करतात. इन्सुलिन गिळलं तर त्याचंही तेच होणार, औषध रक्तात पोचायच्या आधीच पचून जाणार.

पण काही झाडं अशी माळ बनवतात की ती सहजासहजी तुटत नाही. तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे कुरतडायला टोकच सापडत नाही. शिवाय आतून तीन टाके घातलेले. हिला म्हणतात सायक्लोटाइड.

हिचा माग लागला तो बाळंतिणींमुळे. १९६० च्या दशकात लोरेन्ट्स ग्रान हे नॉर्वेचे डॉक्टर आफ्रिकेत काँगोमध्ये रेडक्रॉसचं काम करत होते. तिथल्या बाया कळा वाढाव्यात म्हणून 'कलाटा-कलाटा' या झाडाचा काढा घ्यायच्या. ग्राननी त्यातला कळा आणणारा पदार्थ शोधून काढला. उकळूनही त्याचा गुण जात नव्हता. ही २९ मण्यांची माळ गोल आहे, हे १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातले डेव्हिड क्रेक आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी दाखवलं. बायांना मात्र तिचा गुण कधीचाच माहीत होता!

आपल्या कुंपणावरच्या गोकर्णातही अशा माळा आहेत. झाड त्या किडीपासून वाचायला बनवतं. ऑस्ट्रेलियात गोकर्णाच्या अर्काचं कीटकनाशक कपाशीसाठी मंजूर झालंय. घरी वेल कुटून फवारली की तेच होईल असं मात्र समजू नका. औषधाचे चार मणी या गोल माळेत ओवून, सुईऐवजी तोंडाने घेता येईल असं औषध बनवायचेही प्रयत्न चालू आहेत. ते काम अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे.

आता नीट ऐका. कळांसाठी कुठल्याही मुळीचा, पाल्याचा काढा बाळंतिणीला देऊ नका, सासूबाईंनी सांगितला तरी. दवाखान्यात कळांचं औषध सलाईनमधून थेंबाथेंबाने देतात, बाळाचे ठोके बघतात, कळा फार वाढल्या तर ते बंद करतात. प्यायलेला काढा बंद करता येत नाही. कळा अती झाल्या तर बाळ गुदमरतं, पिशवी फाटू शकते. कळा लांबल्या तर आशाताईंना बोलवा आणि लगेच १०२ किंवा १०८ ला फोन लावा.