घर घेण्यापूर्वी जमीन जाणावी

लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी गेली आणि त्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. घर पाहणारे कुटुंब वरच्या मजल्यावरून दिसणारा समुद्र न्याहाळते, कर्जाचा हप्ता मांडते. पायाखालची जमीन कशी आहे, हे मात्र क्वचितच विचारते. आयुष्यभराची पुंजी ज्यात गुंतते, त्या व्यवहारात हा प्रश्न पहिला असावा.

लालबाग आज किनाऱ्यावर नाही. तरी समुद्राशी त्याचे नाते तुटलेले नाही. मुंबई मूळची सात बेटांची. परळ, माझगाव आणि मुंबई या बेटांमधल्या सखल भागात वरळीकडील खिंडारातून भरतीचे पाणी शिरत असे. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने ते अडवले, पुढे भराव पडले. पण सखलपणा पुरता गेला नाही. शेजारचा हिंदमाता परिसर आजही बशीसारखा आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पाण्याला समुद्राकडे वाट उरत नाही. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. महापालिकेने हिंदमात्याच्या पाण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. त्यांनी पाणी साठवता येते, जमीन उंचावत नाही.

दुसरा प्रश्न भूगर्भाचा. मुंबईच्या तळाशी मुख्यतः बेसाल्टचा कठीण खडक आहे. परंतु भरावाच्या आणि जुन्या खाजणाच्या जागी त्यावर मऊ सागरी चिकणमाती आढळते. भाराखाली ती वर्षानुवर्षे दबत राहते. पाया खडकापर्यंत नेला, तर इमारत स्थिर राहते. मात्र आवारातील फरसबंदी, नळ आणि कुंपणभिंत मातीवरच असल्याने खचू शकतात. खारे भूजल काँक्रीटमधील सळ्यांना गंज चढवते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी मृदा-परीक्षणाचा अहवाल मागावा आणि खडक किती खोलीवर लागला, पाया कोठवर नेला, हे अभियंत्याकडून समजून घ्यावे. इमारत जुनी असल्यास संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहावा. विजेचे मीटर, जनित्र आणि पाण्याचे पंप तळघरात आहेत की उंचावर, हे स्वतः पाहावे. भर पावसाळ्यात, मोठ्या भरतीच्या वेळी त्या रस्त्याने एकदा चालावे. जुन्या दुकानदाराने उंबरठा का उंचावला, हे त्यालाच विचारावे. रंगीत माहितीपत्रकात नसलेले उत्तर तेथे मिळेल.