क्योतोच्या शाळा आणि शिक्षकाची वही

‘कृतिसंशोधन’ हा शब्द ऐकला की आपल्यातील पुष्कळ शिक्षकबंधुभगिनींच्या कपाळावर आठ्या पडतात. प्रशिक्षणाच्या काळात एक जाड अहवाल लिहावा लागतो, त्यात तक्ते काढावे लागतात, तो बांधून घ्यावा लागतो, आणि गुण मिळाले की तो कपाटात जातो. पुढे वीस-पंचवीस वर्षे वर्गात शिकवताना त्याची आठवण कोणी काढीत नाही. जपानात मात्र स्वतःच्या वर्गाचा अभ्यास हा शिक्षकाच्या नित्याच्या कामाचाच एक भाग मानतात. तेथे त्याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. ही रीत जेथे रुजली त्या देशातील क्योतो या जुन्या राजधानीची हकीगत आमच्या वाचकांनी ऐकावी असे आम्हांस वाटते, कारण तिच्यात शिक्षकांइतकेच पालकांनाही घेण्यासारखे आहे.

१८६९ साली जपानचे सम्राट क्योतो सोडून तोक्योला गेले. हजार वर्षांची राजधानी ओस पडेल अशी धास्ती लोकांना वाटू लागली. त्याच वर्षी क्योतोच्या मोहल्ल्यांनी मिळून ६४ प्राथमिक शाळा उघडल्या. पहिली मे महिन्यात सुरू झाली आणि वर्ष संपेपर्यंत चौसष्टही उभ्या राहिल्या. सरकारचा देशव्यापी शिक्षणाचा कायदा आला तो १८७२ साली, म्हणजे तीन वर्षांनी! या शाळांसाठी मोहल्ल्यातील घराघरांतून वर्गणी गोळा होई. तिचे नाव ‘कामादो-किन’. कामादो म्हणजे चूल. आपण तिला चूलपट्टी म्हणू. ज्या घरात चूल पेटते त्या घराने द्यावयाची, मग त्या घरात शाळेत जाणारे मूल असो वा नसो. शाळेच्या इमारतीतच मोहल्ल्याची कचेरी असे, आग लागली तर दिसावी म्हणून टेहळणीचा मनोरा असे, देवीची लसही तेथेच टोचीत. फुकुझावा युकिची हे त्या काळचे मोठे विचारवंत. १८७२ साली त्यांनी या शाळा पाहिल्या आणि त्यांची वाखाणणी करणारा लेख लिहिला. शिक्षक तयार करणारी शाळाही क्योतोत १८७६ साली निघाली.

आपल्या वाडवडिलांनी उसाच्या मळ्यांतून परतल्यावर संध्याकाळी बैठका चालवल्या, त्यांची आठवण येथे कोणाला येणार नाही?

पुढे क्योतोच्या मध्यवस्तीतील मुले कमी झाली आणि यांतील अनेक शाळा एकत्र कराव्या लागल्या. बंद झालेल्या काइची शाळेत १९९८ पासून शहराच्या शाळांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे; तात्सुइके शाळेच्या इमारतीत २००६ साली चित्रकथांचे संग्रहालय उघडले. इमारती लोकांनी जपल्या; पण मुले नसली तर शाळा ही इमारतच राहते. आमच्या मराठीच्या वर्गांत पाच-सहा मुले उरलेली पाहिली की हा विचार मनाला टोचतो.

आता पाठाच्या अभ्यासाकडे वळू. एका शाळेतील चार-पाच शिक्षक वर्षासाठी एक प्रश्न ठरवतात. प्रश्न मुलांविषयी असतो, शिक्षकांच्या गुणदोषांविषयी नसतो. मग ते एका पाठाची तयारी मिळून करतात आणि ही तयारी आठवडेच्या आठवडे चालते. स्टिग्लर आणि हीबर्ट या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९९ साली या पद्धतीवर पुस्तक लिहिले. पहिलीच्या वजाबाकीचा एक पाठ कसा तयार झाला हे त्यात सांगितले आहे. पहिले उदाहरण कोणते द्यावे यावरच तेथील शिक्षकांची चर्चा रंगते. आपल्याला हसू येईल, पण जरा करून पाहा. तेरातून नऊ वजा करताना मूल दहातून नऊ काढते, एक उरतो, त्यात तीन मिळवते. बारातून सात काढताना मात्र दोन वाटा आहेत: दहातून सात काढून दोन मिळवावे, किंवा आधी दोन काढून मग पाच काढावे. एकच वाट दिसणारे उदाहरण घ्यावे की दोन वाटांचे, यावर त्या दिवशीचा सारा पाठ अवलंबून असतो.

पाठ प्रत्यक्ष होतो तेव्हा एक शिक्षक शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहतात. त्यांच्या हाती मुलांच्या जागांचा नकाशा असतो. कोणते मूल केव्हा काय बोलले, कोठे अडले, काय लिहून खोडले, हे ते टिपतात. मुलाला मदत करायची नाही असा दंडक आहे, आणि शिक्षकांना तो पाळणे किती जड जाते हे आम्ही सांगायला नको. फळा शक्यतो पुसत नाहीत. तास संपतो तेव्हा आरंभापासून शेवटपर्यंतचा विचार डावीकडून उजवीकडे फळ्यावर दिसावा अशी त्याची आखणी आधीच केलेली असते. नंतर सारे बसतात. शिकवणारा प्रथम बोलतो, मग पाहणारे आपली टिपणे वाचतात, आणि बाहेरून बोलावलेला जाणकार शेवटी बोलतो. ‘तुम्ही छान शिकवले’ एवढ्याने तेथे भागत नाही. ‘खिडकीजवळच्या मुलीने सात मिनिटे पेन्सिल उचलली नाही’ अशा तऱ्हेचे बोलणे अपेक्षित असते.

अमेरिकेत कुर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाची कल्पना मांडली आणि इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात शिक्षकालाच संशोधक म्हटले. महाराष्ट्रातही हे नाव न देता हे काम झाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुले का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी मुलांच्या दिवसाकडे पाहून सोडवला. आमच्या मते कृतिसंशोधनाचे याहून चांगले उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही.

जपानचे सारेच सोन्याचे आहे असे मात्र समजू नये. आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत तेथील माध्यमिक शाळांचे शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतात असे आढळले. पाहणीतील देशांची सरासरी ३८ तासांची होती. अशा ओझ्याखाली अभ्यासाचे पाठही कित्येकदा पाहुण्यांसाठी नटवलेले समारंभ होतात. आपल्याकडे तपासनीस यायचा असला की वर्गाच्या भिंती कशा एका रात्रीत सजतात, ते आठवा!

आपली अडचण निराळी आहे. बहुतेक शाळांत मराठीचा शिक्षक एकटाच असतो. मग पाठ पाहणार कोण? आमचे उत्तर असे की शेजारच्या वर्गातील हिंदी, तमिळ, तेलुगू किंवा उर्दूच्या शिक्षकाला बोलवावे. कोणत्या मुलाने तोंड उघडले आणि कोणते गप्प राहिले, हे पाहण्यास मराठी यावे लागत नाही. उलट, भाषा येत नसल्यामुळे त्याचे लक्ष मुलांच्या चेहऱ्याकडेच राहील. दुसऱ्या आठवड्यात आपण त्याच्या वर्गात जावे.

प्रश्न कोणता घ्यावा? जो रोज छळतो तो. घरी क्रिओल बोलणारी आमची मुले ‘माझा भाऊ, माझी बहीण’ बरोबर म्हणतात आणि लगेच ‘माझा पुस्तक’, ‘माझा शाळा’ म्हणतात. क्रिओलमध्ये वस्तूंना लिंग नाही. मराठीत तीन आहेत. आपण दर वेळी चूक सुधारतो आणि मूल दर वेळी ती करते. येथे थांबून विचारावे: मुलाला शब्दाचे लिंग ठाऊकच नाही, की ठाऊक असून वाक्य बोलताना ते निसटते? दहा वस्तू समोर ठेवाव्यात आणि एकेका मुलाकडून फक्त ‘हा, ही, हे’ म्हणवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तूंबद्दल वाक्ये बोलायला लावावीत. दोन्हीकडे चुका असतील तर मुलाला लिंगच माहीत नाही. पहिल्या दिवशी बरोबर आणि दुसऱ्या दिवशी चूक, तर अडचण सवयीची आहे. पहिल्या दुखण्यावर नवा शब्द कधीही एकटा न शिकवणे, ‘ही शाळा’, ‘हे पुस्तक’ असा जोडीनेच वहीत लिहवून घेणे हा उपाय करून पाहता येईल. दुसऱ्यावर वाक्यांचे खेळ, गाणी, संवाद. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाचा आला ते कळत नाही. चार आठवड्यांनी त्याच दहा वस्तू आणि शिवाय दहा नव्या वस्तू घेऊन पुन्हा पाहावे. जुन्याच वस्तू विचारल्या तर मुलाने त्या दहा पाठ केल्या एवढेच कळेल.

आठ मुलांच्या वर्गावरून साऱ्या बेटाबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि तसा दावाही करू नये. सोमवारी या आठ मुलांना काय शिकवावे, एवढे कळले तरी पुरे. मुख्याध्यापकांना आधी सांगावे, पालकांनाही सांगावे. एखाद्या मुलाची चूक सभेत नावानिशी वाचू नये. अर्ध्या मुलांना उपाय द्यायचा आणि अर्ध्यांना मुद्दाम वंचित ठेवायचे, असली तुलनाही आपल्या लहान वर्गात करू नये.

पालकांनी काय करावे? क्योतोची चूलपट्टी मूल नसलेले घरही देत होते. ज्या घरातील मुले शाळा सोडून मोठी झाली आहेत, त्या घरांतील आजीआजोबांना शिक्षकाने आठवड्यातून अर्धा तास वर्गात बोलवावे. त्यांनी गणेश चतुर्थीच्या तयारीबद्दल मुलांशी मराठीत बोलावे. ‘ही मूर्ती’, ‘हा मोदक’, ‘हे ताट’ असे शब्द मग मुलांना जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतील. शिक्षकाने तेवढा वेळ मागे बसून टिपत राहावे.

वही साधी दोनशे पानी चालेल. डावीकडे काय घडले ते, उजवीकडे आपल्याला काय वाटले ते. दोहोंची सरमिसळ करू नये. तासानंतर पाच मिनिटांत लिहावे, संध्याकाळपर्यंत निम्मे विसरते. मुलांची नावे न लिहिता खुणा वापराव्यात. जपानातील पुष्कळ शाळा आपले वर्षाचे काम पुस्तिकेत छापून इतर शाळांना वाचायला देतात. आपल्याला छपाई परवडणार नाही, पण बदली झाली की वही घरी न नेता शाळेच्या कपाटात ठेवून जावे. पहिल्या पानावर इयत्ता, वर्ष आणि आपला प्रश्न लिहावा, म्हणजे पुढच्या शिक्षकाला आपण कोठपर्यंत आलो होतो ते समजेल.