पदवीनंतरची मुदत

जबलपूरच्या यंत्र-अभियंत्याला संरक्षण-उत्पादन परके नाही. तेथील तोफगाडी कारखाना १९०४ सालचा, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे. हाच तरुण अमेरिकेत उच्च पदवी घेतो, तेव्हा मात्र नेमके हे क्षेत्र त्याला बहुतांशी बंद असते. कारण शस्त्रास्त्रांचे तंत्रज्ञान परकीयांना विनापरवाना देण्यास तेथील कायद्याची मनाई आहे. इतर उद्योगांत गुणवत्तेइतकेच महत्त्व मुदतीला असते. पदवीनंतर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी १२ महिने मिळतात. २०१६ पासून अभियंत्यांना आणखी २४ मिळू शकतात. पहिल्या वर्षात ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही, आणि हे दिवस सलग नव्हे, बेरजेने मोजतात. पुढे एच-१बी परवान्यासाठी अर्ज करावयाचा तो मालकाने. या परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकी उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० राखीव आहेत. अर्ज त्याहून कितीतरी अधिक येत आले आहेत. घर गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने वेतनाच्या आकड्याआधी हे ३६ महिने मोजावेत. विद्यापीठे व ना-नफा संशोधनसंस्था यांना ही वार्षिक मर्यादा लागू नाही. वेतन तेथे बहुधा कमी असते.